'ओल' : एका वर्षाच्या प्रकल्प नोंदी

९ जून २०२४

आजपासून लिहून ठेवायचं. मागे 'घाट' म्हणून एक प्रोजेक्ट सुरू केला होता, तो नेमका कधी बंद पडला तेच आठवत नाही कारण कुठे काही लिहिलेलंच नव्हतं. सध्याची परिस्थिती अशी की हार्ड डिस्कवर सहा वर्षांतले ४१ हजार फोटो आहेत. त्यातले निम्म्याच्या वर बाळांचे, कारण पोट त्याच्यावर चालतं, इंदिरानगरात घरातल्याच एका खोलीत सेटअप आहे, टोपलीत झोपलेली बाळं आणि पहिल्या वाढदिवसाला तोंडभर केक फासलेली बाळं. उरलेले ते 'माझे'. आणि त्या माझ्यातले कुठलेही दहा उचलून नाव पुसलं तर कुणी काढलेत ते मलाही सांगता येणार नाही. रामकुंडावरचा दिवा, पंचवटीतला साधू, द्राक्षाच्या घडावर दव, अंजनेरीवर उतरलेला ढग. छान आहेत हो. नाशकात कॅमेरा असलेल्या प्रत्येकाकडे आहेत.

तर नियम ठरवले. एक वर्ष. एकच लेन्स, ३५ एमएम. जागा फक्त रविवार कारंज्यापासून नदीपर्यंत पायी फिरता येईल तेवढी. विकत घेतलेले प्रीसेट, म्हणजे फोटोला एका क्लिकनं रंगरूप देणाऱ्या तयार सेटिंग, बंद. आणि शेवटी हातात १५ फोटो पाहिजेत जे एकमेकांशेजारी ठेवले की एकाच माणसाचे वाटतील. १५ आकडा माझा नाही, लंडनमध्ये १८५३ साली सुरू झालेली रॉयल फोटोग्राफिक सोसायटी आहे ना, तिच्या असोसिएट डिस्टिंक्शनला, म्हणजे फोटो तपासून देतात त्या किताबाला, १५ फोटो आणि १५० शब्दांचं निवेदन लागतं, तिथून उचललाय. अर्ज वगैरे काही करणार नाहीये, पण डोळ्यासमोर आकडा असला की बरं पडतं.

१६ जून

पहिल्याच आठवड्यात जुनीच खोड. १० स्टॉपचा एनडी फिल्टर, म्हणजे उजेड अडवणारी काळी काच, लावून पहाटे गांधी तलावाशी. साध्या मोजणीनं साठांश सेकंद येत होता तो फिल्टरमुळे १७ सेकंदांवर गेला, पाणी एकदम दुधासारखं, पायऱ्या काळ्या, मागे देवळं धूसर. घरी येऊन ब्लॅक अँड व्हाइट केलं, चौकोनी क्रॉप केलं आणि इतकी खूश झाले की सरांना लगेच पाठवलं. (सर म्हणजे माझे कॉलेजचे चित्रकलेचे सर, आता रिटायर, गंगापूर रोडला राहतात, फोटोग्राफीतलं त्यांना मशीन कळत नाही पण चित्र कळतं.)

संध्याकाळी फोन आला. "अगं मायकेल केना छान काढतो की हे. तू कशाला त्रास घेतेस?"

राग आला. रात्री केनाचे, त्या इंग्रज फोटोग्राफरचे, फोटो उघडून बघितले आणि राग गेला, कारण खरंच, चौकोन तोच, काळा तोच, शांतता पण तीच उसनी आणलेली. त्याची शांतता कुठल्यातरी बर्फाळ किनाऱ्यावर तासन् तास उभं राहून आलेली आहे आणि मी पाठीमागे भजनाचा भोंगा चालू असताना ती गोदावरीवर चिकटवत होते.

फिल्टर कपाटात.

७ जुलै

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

सर म्हणाले होते की स्क्रीनवर निवडू नकोस, छापून जमिनीवर पसर. म्हणून सहा वर्षांतले 'माझे' फोटो आणि महिनाभरातले नवीन मिळून ३२० फोटो साध्या लॅबमधून ४ बाय ६ मध्ये छापून आणले. आमच्या फ्लॅटमध्ये पसरायला जागा नाही म्हणून जुन्या तांबट लेनला आत्याकडे गेले, वाड्याच्या माडीवर. आमचा वाडा म्हणजे आता आत्या आणि खाली एक भाडेकरू एवढाच उरलाय, बाकीचे सगळे सिडकोत नाहीतर पुण्यात. बाहेर धो धो पाऊस, लाइट गेलेले, खिडकीतून येईल तेवढा उजेड.

मी विषयाप्रमाणे ढीग लावत होते, देवळं इकडे, माणसं तिकडे, बाजार तिकडे. आत्या चहा घेऊन वर आली, चष्मा लावला आणि डाळ निवडावी तशी फोटो निवडायला बसली. मी म्हटलं बघू दे तिला, तेवढाच टाइमपास. दहा मिनिटांनी बघते तर तिचा ढीग माझ्यापेक्षा मोठा.

"हे काय वेगळं काढलंस आत्या?"

"ओल आलेली. ह्यात ओल, ह्यात ओल, ही तर आपल्या न्हाणीची भिंत. अगं पैसे घालून ओलीचे फोटो छापून आणलेस?"

मोजले. ३२० पैकी ११८. साधूच्या फोटोत साधूच्या मागची भिंत खालून काळी पडलेली. सरकारवाड्याच्या फोटोत दगडावर उतरलेला पाण्याचा ओघळ. भांडी बाजारातल्या पितळी घंगाळाच्या फोटोत मागे पोपडे धरलेला निळा रंग, आणि फोकस घंगाळावर नाही, पोपड्यावर! मी सहा वर्षं हे करत होते आणि मला पत्ता नव्हता. प्रत्येक वेळी काहीतरी दुसरंच काढायला गेले होते.

आणि दुसरी गोष्ट, ती मला घरी येताना रिक्षात लक्षात आली. त्या ११८ मधल्या बहुतेक फोटोंत कॅमेरा खाली आहे. माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर नाही, दोन-अडीच फुटांवर. कारण सरळ आहे, मी दिवसभर बाळांसमोर जमिनीवर फतकल मारून काम करते, गुडघे आपोआप वाकतात. ज्या कामाबद्दल मी फोटोग्राफीच्या ग्रुपवर कधी तोंड उघडत नाही, त्या कामानं ही उंची दिलीय.

नाव ठरलं. 'ओल'.

१५ जुलै

भिंतीचं थोडं वाचलं. जुन्या वाड्यांची वीट आणि चुना पाणी पितात, जमिनीतली ओल केशाकर्षणानं (आठवीच्या पुस्तकातला शब्द, पहिल्यांदा कामी आला) वर चढते, आणि साधारण मीटरभर चढली की तेवढ्यात ती हवेत सुकून जाते म्हणून तिथेच थांबते. वर चढताना मातीतले क्षार बरोबर आणते. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो, त्याचे पांढरे स्फटिक गिलाव्याच्या आत फुगतात आणि गिलावा सोडवतात. आत्या ज्याला लोणा म्हणते तो हा. वर सिमेंटचा गिलावा मारला की पाण्याला बाहेर पडायला वाट राहत नाही आणि ते अजून वर चढतं, हे आमच्या खालच्या खोलीत १५ वर्षांपूर्वी प्रत्यक्ष झालेलं आहे, काकांनी हौसेनं सिमेंट केलं आणि ओल कंबरेची छातीपर्यंत गेली.

म्हणजे ओलीची सगळी हद्द मीटरभर उंचीत आणि माझा कॅमेरा पण तिथेच. योगायोग असेल, पण ट्रायपॉड आता खालच्या खाचेतच राहणार.

४ ऑगस्ट

रंगीत की ब्लॅक अँड व्हाइट यावर तीन आठवडे घातले. ब्लॅक अँड व्हाइट लगेच 'आर्ट' दिसतं हा त्याचा फायदा आणि तोच त्याचा प्रॉब्लेम. सगळ्या भिंती एकसारख्या शोकाकुल दिसायला लागल्या. खऱ्या तर नाहीयेत तशा, आमच्या न्हाणीची भिंत नीळ घातलेल्या चुन्याची आहे, तिच्यावर शेवाळाचा पोपटी, त्याच्या कडेला विटेचा तांबडा, बघत बसावं असा रंग. सर म्हणाले रघुबीर सिंह बघ, १९४२ ते १९९९ एवढं आयुष्य आणि काम रंगातच, भारताचा रंग काढून टाकला तर काय उरतं असा त्यांचा खाक्या. आणि विल्यम एगल्स्टनचे रंगीत फोटो १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये लागले तेव्हा भल्याभल्या समीक्षकांनी नाकं मुरडली होती, आज तेच प्रदर्शन इतिहास म्हणून शिकवतात. मग रंगीत.

पण रंगीत म्हटलं की शिस्त पाहिजे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातला रंगांचा तोल, ऑटोवर ठेवला तर कॅमेरा प्रत्येक भिंतीला स्वतःच्या मनानं 'सुधारतो', निळी भिंत राखाडी करून टाकतो. म्हणून ५२०० केल्व्हिनला कायमचा कुलूपबंद. एफ ८, आयएसओ १००, ट्रायपॉड, भिंत सरळ समोरून. ऊन नाही, ढगाळ किंवा चौकातला उडता उजेड. ही समोरून, ढगाळात, एकसारखं काढत राहायची कल्पना जर्मनीतल्या बर्न्ड आणि हिला बेखर या जोडप्याची, १९५९ पासून ते पाण्याच्या टाक्या आणि खाणींचे मनोरे असेच काढत राहिले. त्यांच्या टाक्या मी घेणार नाही, शिस्त घेते.

एका ठिकाणी नियम मोडला. उजेड अगदी समोरून आला की पोपड्याची जाडी दिसतच नाही, भिंत नकाशासारखी सपाट होते. सकाळी साडेसातला चौकातून भिंतीला घासत उजेड येतो तेव्हा एकेक पोपडा स्वतःची सावली टाकतो. तर ढगाळ, पण तिरका. वीस मिनिटं मिळतात.

२६ ऑगस्ट

धरणातून विसर्ग वाढवलाय, गोदेला पाणी आलंय. सगळं नाशिक दुतोंड्या मारुतीकडे. बाहेरच्यांसाठी म्हणून लिहिते, आमच्याकडे पूर सेंटीमीटरमध्ये मोजत नाहीत, नदीतल्या ह्या मारुतीच्या मूर्तीच्या गुडघ्याला, कंबरेला, गळ्याला लागलं का एवढंच विचारतात. पुलावर मोबाईलची भिंत उभी होती, ड्रोन पण दोन. मी पण काढले थोडे, हात शिवशिवतातच. घरी येऊन सगळे डिलीट.

माझं काम पाणी ओसरल्यावरचं. सराफ बाजाराच्या उतारावर एका बंद दुकानाच्या भिंतीवर गाळाची रेघ उमटलीय, तिच्या वर फूटभर दुसरी, पुसट. बाजूच्या दुकानदारानं सांगितलं ती २०१९ ची, आणि शटरच्या वर बोट दाखवून म्हणाला २०१६ ला इथवर होतं ताई, आम्ही पत्र्यावरून माल काढला. त्या भिंतीचा एकच फोटो काढला. एकच. दोन रेघा आणि एका कोपऱ्यात अडकलेलं झेंडूचं फूल. फूल काढून टाकायचा मोह झाला, मग वाटलं नको, मग वाटलं फुलामुळे कॅलेंडर होतंय, शेवटी ठेवलं. अजून खात्री नाही.

२८ सप्टेंबर

पहिल्या मोठ्या टेस्ट प्रिंट. माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेल, ६००० बाय ४०००, म्हणजे ३०० पीपीआयला २० बाय १३ इंच आरामात. १८ बाय १२ ठरवलं. कॉटन रॅग कागद, ३०८ जीएसएम, मॅट. पुण्याहून कुरिअरनं आल्या आणि उघडल्यावर रडूच यायचं बाकी होतं, सगळ्या काळ्या. शेवाळ म्हणजे डांबर.

चूक लॅबची नव्हती, माझ्या मॉनिटरची. ब्राइटनेस शंभरावर होता. उजेडाचा दिवा समोर ठेवून फोटो एडिट करायचा आणि मग कागदाकडून तसा उजेड मागायचा! ब्राइटनेस ३५ वर आणला, पेपरचं प्रोफाइल लावून सॉफ्ट प्रूफ, म्हणजे त्या कागदावर फोटो कसा दिसेल ते स्क्रीनवरच, बघितलं, मॅट कागदावर काळा मुळात ग्लॉसीएवढा खोल जातच नाही हे मान्य केलं आणि सावल्या उचलल्या. दुसरी बॅच बरी आली. एका टेस्ट प्रिंटचे पैसे म्हणजे एका बेबी शूटचा अॅडव्हान्स, त्यामुळे 'मान्य केलं' हे सोपं नव्हतं.

पण मॅट कागद बरोबर आहे. आत्यानं प्रिंटवर हात फिरवला आणि नंतर बोटं पदराला पुसली. चुना लागला असेल असं वाटलं तिला.

२० ऑक्टोबर

ऑक्टोबर हीट चालू आणि लोणा आत्ता फुटलाय! मला वाटत होतं ओलीचा सीझन पावसाळा. उलटं आहे, पावसाळ्यात भिंत नुसती गडद होते, क्षार बाहेर येतो तो सुकताना. तीच न्हाणीची भिंत आता खालून पांढऱ्या लोकरीसारखी दिसतेय, फुंकर मारली तर उडते. सहा भिंती परत काढल्या, जुलैच्या शेजारी ठेवल्या. इथे पहिल्यांदा वाटलं की हे नुसते फोटो नाहीयेत, काहीतरी चालू आहे.

संध्याकाळी ग्रुपवर वाद. एकानं नवीन मेडल टाकलं आणि मला विचारलं तुम्ही सलूनला, म्हणजे फोटोंच्या स्पर्धा-प्रदर्शनांना, का पाठवत नाही. पूर्वी पाठवायचे की. द्राक्षावरच्या दवाला दोनदा अॅक्सेप्टन्स, म्हणजे प्रदर्शनासाठी निवड, पण आहेत. आंतरराष्ट्रीय फियाप संस्था १९५० पासून आहे, तिच्या सलूनमधून अॅक्सेप्टन्स जमवत माणूस एफियाप, इफियाप असे किताब मिळवतो, आणि त्यानं हात घासूनपुसून तयार होतो हे मी नाकारत नाही, मी तिथेच एक्स्पोजर शिकले. पण तिथे परीक्षकासमोर एक फोटो काही सेकंद येतो आणि नंबर दाबला जातो. तेवढ्या वेळात जो ओरडेल तो जिंकतो. माझी भिंत ओरडत नाही, ती चौथ्या-पाचव्या भिंतीनंतर बोलायला लागते. हे लिहिलं ग्रुपवर तर एक जण म्हणाला, मॅडम म्हणजे तुमचा फोटो एकटा उभा राहू शकत नाही. झोंबलं. थोडं खरं पण आहे, म्हणून जास्त झोंबलं.

१७ नोव्हेंबर

दिवाळीचा बेबी शूटचा धंदा जोरात होता, काम बंद. मधल्या काळात तीन ओपन कॉलला, म्हणजे कुणीही फोटो पाठवू शकेल अशा आवाहनांना, पाठवलं होतं. दोन नकार, साधे, एका ओळीचे. तिसरीकडून 'अभिनंदन, ऑनरेबल मेन्शन', आणि खाली सर्टिफिकेट, ट्रॉफी आणि पुस्तकात पान हवं असेल तर त्याचे रेट. शोधलं तर माझ्यासारखी ऑनरेबल मंडळी शेकड्यांनी होती. एंट्री फी आधीच गेलेली. नवरा म्हणाला ट्रॉफी घेऊन टाक, क्लायंटला दिसते. तो धंद्याच्या दृष्टीनं बरोबर असेल. मी नाही घेतली.

यापुढे फी भरायच्या आधी दोन गोष्टी बघायच्या, परीक्षक कोण आहेत आणि मागच्या वर्षी निवडलेल्यांचं पुढे काय झालं.

निवेदन लिहिते आहे, १५० शब्द. पहिल्या मसुद्यात 'काळाच्या ओघात', 'नश्वरता', 'विस्मृतीच्या खुणा' असं सगळं आलं. सरांनी लाल पेनानं तिन्ही खोडले आणि समासात लिहिलं, "आत्या काय म्हणाली ते लिही." मग सुरुवात अशी झाली: माझी आत्या ३२० फोटोंतून ओल आलेले ११८ फोटो वेगळे काढते.

२१ डिसेंबर

मुंबई. पोर्टफोलिओ रिव्ह्यू, म्हणजे जाणकारासमोर काम मांडून मत घ्यायचं. पहाटेची पंचवटी एक्सप्रेस, मांडीवर प्रिंटची पेटी, बाजूच्या काकांना वाटलं साड्या विकते.

वीस मिनिटं मिळतात. समोरच्या बाई एका गॅलरीचं काम बघतात, बोलणं कमी. १५ प्रिंट टेबलावर मांडल्या, त्यांनी पाच मिनिटं काहीच न बोलता जागा बदलल्या, मग चार उचलून उलट्या ठेवल्या. झेंडूचं फूल पहिलं गेलं (मला माहीत होतं!). सराफ बाजारचीच दुसरी एक गेली, सरकारवाडा गेला कारण तो 'वास्तू' झाला होता. चौथी गेली ती माझी सगळ्यात लाडकी होती, तिचं कारण विचारलं तर म्हणाल्या, "ही तुम्हाला सुंदर माहीत होती काढताना."

मग एका प्रिंटवर बोट ठेवलं. न्हाणीची भिंत, उजव्या कडेला दोरीवरून लोंबणारा ओल्या पातळाचा काठ, दोन इंच आत आलेला. मी तो क्रॉप करायचा राहून गेला म्हणून मनातून खजील होते. "ह्या घरात कोण राहतं?"

आत्या राहते म्हटलं. "मग त्यांना बाकी सगळीकडून का काढून टाकलंय?"

उत्तर नव्हतं. खरं उत्तर, वाडा पडीक दिसला की फोटो जास्त 'फाइन आर्ट' वाटतो. हे मी तिथे बोलले नाही, इथे लिहितेय.

१२ जानेवारी २०२५

आत्याला फोटो नको असतो, पहिल्यापासून. तिची आई म्हणायची फोटोनं आयुष्य घटतं. हे मी हसण्यावारी नेते, पण दादासाहेब फाळके, इथल्याच त्र्यंबकचे, जन्म १८७०, सिनेमाच्या आधी बडोद्याला फोटोचा धंदा टाकून बसले होते तेव्हा तिथल्या लोकांनाही म्हणे हीच भीती, कॅमेरा माणसातला जीव ओढून घेतो. म्हणजे आत्या एकटी नाही.

मग तिच्याशी बोलून ठरलं की तोंड नाही. "माझी कामं काढ काय काढायची ती, मला नको."

आज सकाळी सात. ती न्हाणीतून बाहेर आली, शहाबादी फरशीवरून चौक ओलांडून देवघराकडे गेली आणि मागे पावलं उमटली. उजवं पाऊल पूर्ण, डाव्याची फक्त टाच आणि चवडा, कारण गुडघा दुखतो म्हणून ती डावा पाय नीट टेकत नाही. थंडीत पावलं लवकर सुकत नाहीत हे खरं, पण फरशी जुनी, पाणी पिणारी, कडा आत यायला लागल्या. पहिला फोटो घेतला तेव्हा सात पावलं होती. लेव्हल नीट करून दुसरा घेईपर्यंत पाच. तिसऱ्यात डाव्या टाचेचा नुसता डाग. तिकडून घंटी वाजवत ओरडली, "झालं का? मी परत येऊ का चालत?"

नको म्हटलं. परत चालली तर ती माझ्यासाठी चालली असती.

१९ मार्च

रंगपंचमी. आमच्याकडे रंगपंचमी म्हणजे रहाड. पेशव्यांच्या काळातले दगडी हौद, वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात, तुमच्या गाडीखाली रहाड आहे हे तुम्हाला कळणार पण नाही, आणि ह्या दिवसासाठी उघडतात, पूजा होते, रंग भरतात आणि माणसं आत धप्पा मारतात. प्रत्येक रहाडीचा रंग ठरलेला. तिवंध्याची पिवळी.

दुपारभर कॅमेरा बाहेर काढलाच नाही, मी पण भिजले. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर गेले. चौकातल्या भिंतींना कमरेएवढ्या उंचीवर पिवळे पट्टे, लोक भिजून बाहेर येतात आणि भिंतीला टेकतात ना, तिथे पाठी उमटलेल्या. पाठी! एका ठिकाणी शेजारी शेजारी तीन, एक लहान. आणि खालून खरी ओल चढलेली, दोघींची गाठ साधारण गुडघ्यापाशी.

आठ महिने 'ओल म्हणजे उदास' असं डोक्यात होतं, ते गेलं. ज्योती भट्टांची आठवण आली, बडोद्याचे, मूळ चित्रकार आणि प्रिंटमेकर, गावोगावच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं वर्षानुवर्षं फोटोत नोंदवत फिरले. त्यांच्या भिंती कुणीतरी हौसेनं सजवलेल्या असतात. माझ्या कुणी सजवलेल्या नाहीत, पण टेकलेल्या आहेत.

नऊ फ्रेम. दोन चालतील.

२७ एप्रिल

फायनल १५ झाले. जुने ११ मधले नऊ, पावलांचे तीन एकत्र, पाठींचे दोन, आणि पातळाचा काठ परत क्रॉप न करता काढला, तो एक.

मुंबईच्या बाईंनी मेलवर पुण्यातल्या एका छोट्या ग्रुप शोला नाव सुचवलं, तिथे चार घेतायत. एडिशन, म्हणजे एकूण किती प्रती काढायच्या ते, ठरवली, प्रत्येक फोटोच्या सात प्रती आणि दोन आर्टिस्ट प्रूफ, म्हणजे माझ्याकडे राहणाऱ्या प्रती, आकार एकच. सात विकल्या की बंद, नंतर कुणी कितीही म्हटलं तरी मोठा आकार काढून परत विकायचं नाही. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलीनं नंबर, सही, कागद, छापल्याची तारीख. वही केलीय वेगळी, कुठली प्रत कुठे गेली त्याची. किंमत ठरवताना रडकुंडीला आले. खर्चाच्या तिप्पट ठेवली. सर म्हणाले कमी आहे, नवरा म्हणाला जास्त आहे, म्हणजे बरोबर असेल.

२५ मे

शो झाला. चार दिवस, माणसं बेताची. मे महिन्यातच पाऊस, त्यामुळे गॅलरीत शिरणारा प्रत्येक जण छत्री झटकत यायचा आणि समोर माझ्या भिंती, एका आजोबांनी तिथल्या मुलाला सांगितलं की अरे फोटोत पाणी गेलंय बघ. ह्याहून चांगली समीक्षा मिळणार नाही.

दोन प्रिंट गेल्या. एक जुन्या वाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या आर्किटेक्टनं घेतली, पावलांची नाही, लोणा फुटलेल्या भिंतीची. त्यानं माझ्यापेक्षा जास्त वेळ भिंत बघितली आणि म्हणाला, वर सिमेंट मारलंय ना कुणीतरी? काकांची हौस पुण्यात पकडली गेली.

घरी आल्यावर दुसरी बाजू. इथल्या एका पेपरात चौकटीत बातमी आली, 'पडक्या वाड्यांना कॅमेऱ्याची श्रद्धांजली'. मी असं काही बोलले नव्हते. लेनमधले दोघं जण आत्याला येऊन विचारून गेले, वाडा पाडताय का, बिल्डर कोण. आत्या तीन दिवस माझ्याशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "श्रद्धांजली म्हणे. मी जिवंत आहे अजून."

२२ जून

आत्यानं स्वतःहून प्रिंट मागितली. मला वाटलं पावलांची मागेल. नाही, न्हाणीची भिंत, ३/७, म्हणजे सातातली तिसरी प्रत. आणि लावायची कुठे, तर जेवणघरात पोपडे आलेत तिथे बरोबर वर. "तेवढाच लोणा झाकला जाईल, पाहुणे येतात."

भद्रकालीतल्या एका फ्रेमवाल्याकडून तिनंच फ्रेम करून आणली, मी पुण्याला होते तेव्हा. खिळा पण तिनंच मारला.

१३ जुलै

व्हायचं तेच झालं. फ्रेमवाल्यानं काच प्रिंटला थेट चिकटवलेली, मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, नाही, मागे साधा हार्डबोर्ड, आणि ते सगळं ओल्या भिंतीला टेकवून तीन आठवडे. आज काढून बघितलं तर हार्डबोर्ड फुगलाय, प्रिंटच्या खालच्या कडेला तपकिरी रेघ चढलीय, दीड इंच, लाटेसारखी, आणि तिच्यावर बारीक बुरशीचे ठिपके. माझ्या छापलेल्या ओलीच्या खाली खरी ओल. कॉटनचा कागद आहे, पिणारच.

काचेला चिकटलेला भाग हळूच सोडवला, एका कोपऱ्यात शाई काचेवर राहिली. ब्लॉटिंग पेपरमध्ये ठेवलीय. नवीन फ्रेमला अॅसिड फ्री माउंट, काचेपासून फट, आणि मागे चारी कोपऱ्यांना रबराचे छोटे ठोकळे, म्हणजे भिंतीपासून हवा खेळेल. हे सगळं मला माहीत होतं, सांगायचं राहिलं.

वहीत ३/७ च्या पुढे 'विकायची नाही' असं लिहिलं. नंबर नवीन प्रतीला देणार नाही, एडिशन आता सहाचीच धरायची.

आत्याला विचारलं दुसरीकडे लावू का, माडीवर, कोरडी भिंत आहे. नको म्हणाली. नवीन फ्रेम होईपर्यंत खिळ्याला कॅलेंडर अडकवलंय.